पेटीची दोरी

“सर, माझ्या रक्तातले जंतू मला दाखवता का?” वसतिगृहातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून लॅबवाल्या सरांना मी विचारलंच!

नाहीतर चार दिवस मी दवाखान्यातल्या मच्छरदाणीत नुसती कोंडलेली. दुसऱ्यांदा मलेरिया झाला म्हणून बाबांनी वसतिगृहातून माझी पेटी आणून दोरीने बांधलीसुद्धा. शाळा बंद, आता कायमचं घरी.

सरांनी सूक्ष्मदर्शकात एक पांढरी पेशी दाखवली. तिच्या पोटात काळे ठिपके होते. “जंतू गिळलेत तिने.”

“कुणी शिकवलं तिला?”

“कुणीच नाही, जन्मापासूनच लढते ती. पण एकटी पुरत नाही गं. मागच्या वेळी तू गोळ्या अर्ध्यावर सोडल्यास ना?”

“हो,” मी कबूल केलं. वॉर्डात परत येऊन आधी खाटेखालच्या पेटीची दोरी सोडली.

“आई, बाबा, या वेळी सगळ्या गोळ्या संपवणार. आणि दहावीही वसतिगृहात राहूनच करणार!”