चिमीचं उष्टं

पूरछावणीतलं यंत्र प्रत्येकाच्या मनगटावरचा पट्टा वाचायचं आणि ज्याच्या अंगात जे कमी, तेच त्याच्या ताटात वाढायचं. तरी जयमालाचा पट्टा सहा दिवस लालच होता. उद्याही लाल राहिला, तर लेकीला, चिमीला, इथंच ठेवून तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात जावं लागणार होतं.

"जेवतेस ना गं?" छावणी सांभाळणाऱ्या मालनताईंनी विचारलं.

"जेवते की!" जयमाला म्हणाली. तिचं ताट तेव्हा सासऱ्यांपुढं होतं.

मालनताईंनी यंत्राला खडसावलं, "एवढं शिकलेलं तू, आणि एका बाईला जेवू घालता येईना?"

रात्रीच्या जेवणाला यंत्रानं जयमालाला काहीच वाढलं नाही, आणि चार वर्षांच्या चिमीपुढं पैलवानाचं ताट ठेवलं.

"बिघडलं मेलं," मालनताई पुटपुटल्या.

चार घास खाऊन चिमी खेळायला पळाली. जयमालानं ताटाकडं पाहिलं. "आता पोरीचं उष्टं मामंजींना कसं द्यायचं? टाकवत पण नाही," म्हणत तिनं ताट चाटूनपुसून लख्ख केलं.

दुसऱ्या दिवशी पट्टा पिवळा झाला. दवाखाना टळला.

हे याला शिकवलं कुणी, या नवलात मालनताई सकाळपासून उपाशीच यंत्रापाशी आल्या. यंत्रानं त्यांचा पट्टा वाचला आणि भाताच्या डोंगरावर आमटी ओतून ताट पुढं सरकवलं.

"ताई, मीठ बरोबर आहे का, जरा चाखून बघता?"

"चाखायला एवढं?"

"मला चव कळत नाही," यंत्र म्हणालं. "शेवटच्या घासापर्यंत बघा."