चुलीपाशी इंग्रजी

योगीराजनं मद्रासकडची कयल बायको करून आणली, तवापासून त्याचा बाप मुंजाजी सुनंसंगं एक शब्द बोलला न्हाई. तिच्या हातचं पाणी बी घेणार न्हाई म्हनला. पोरीला मराठी न्हाई, हिंदी बी न्हाई. सासू दगडाबाई चुलीपाशी एकेक डबा उघडून दाखवायची. सून म्हनायची टर्मरिक, सासू म्हनायची हळद.

आज दगडाबाई तापानं पडली. कयलनं एकटीनं सैपाक केला आन् ताट सासऱ्यापुढं ठेवलं. आता ताट भिंतीवर जातंय का पोटात, म्हनून दगडाबाई गोधडीतून बघायली.

मुंजाजीनं वरणाचा घास घेतला. थांबला. कपाळाला आठ्या पडल्या.

"मामा, मीठ?" कयलनं मिठाचा डबा पुढं केला.

"सॉल्ट बराबर हाय. चिली वाढव."

दगडाबाई ताडकन उठून बसली. "अवो, तुमाला हे कवा यायलं?"

मुंजाजीनं ताट पुढं सरकवलं. "आन् एक भाकर वाढ, पोरी." मग बायकोकडं बघून गुरकावला, "भाकरीला काय म्हंतेत, ते मातर तुमच्या दोघींच्या तोंडून अजून ऐकलं न्हाई."