शुभेच्छुक

आपल्या वाढदिवसाला बोलावलेल्या बँडजवळ येऊन रामनाथअण्णांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि गोरखच्या नाकासमोर उलगडला. गोरखचा सॅक्सोफोन गाण्याच्या मधेच बंद पडला.

चित्र त्याचंच होतं. गावचे पुढारी रामनाथअण्णा नळयोजनेचा अख्खा पाइप तोंडात धरून सरबत प्याल्यासारखे ओढताहेत आणि मागे म्हातारी बयाबाई रिकामा हंडा घेऊन उभी. खाली सही नव्हती. दोन वर्षं अशी चित्रं स्टँडच्या भिंतीवर चिकटलेली सापडत आणि गाव पोट धरून हसे. बयाबाईने तर याची झेरॉक्स दाराला लावली होती.

गोरख महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन जॅझ वाजवायचा. तिथे सूर मनाला येईल तिकडे नेता येत. इथे बँडमध्ये तीच चार गाणी. मग मनातलं सगळं तो कागदावर काढी.

"कोपऱ्यात सॅक्सोफोनवाला काढलायस न्हवं?" अण्णा हळूच म्हणाले. "डावा हात वर, उजवा खाली. न वाजवणारा हमखास उलटं काढतो. मी बी तरणा व्हतो तवा क्लॅरनेट वाजवलंय, राव."

आसपासच्या पाच गावांत सॅक्सोफोन एकच होता. गोरख एक पाऊल मागे सरला. आता हा माणूस स्वतःच्या वाढदिवशी, भर चौकात, आपली कातडी सोलणार.

अण्णा हसले. "घाबरतो काय? लई झ्याक काढलंयस. वाजव, थांबू नको."

बँडमास्तर हौशीरामने डोळे वटारले. गोरखने निमूट वाढदिवसाचं गाणं धरलं.

चौकात उभारलेल्या फ्लेक्सवरचं कापड खाली आलं. मधोमध तेच चित्र, दहा फुटी. वर लिहिलेलं, 'चेष्टाही हसत झेलणारं दिलदार नेतृत्व!' खाली बँडच्या फेट्यातला गोरखचा फोटो आणि 'चित्रकार व शुभेच्छुक'. टाळ्यांचा पाऊस पडला. त्याला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गर्दीतून बयाबाई पुढे आली. तिने चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. रिकाम्या हंड्यासकट तिला कापून टाकलं होतं. मग तिची नजर फोटोवर गेली आणि तिथून गोरखवर.

"म्हंजी तू बी त्यांचाच व्हय रं?"

गोरखला ओरडून नाही म्हणायचं होतं. तोंडात सॅक्सोफोन होता, आणि गाणं अजून संपलं नव्हतं.