खारूची बशी

"उशिरा आणली म्हणून नाही मेली माझी पोर. तुम्ही मारलीत तिला!" वहिनीनं चौकशीच्या बैठकीत टेबलावर हात आपटला. "तुमच्या वॉर्डात सर्दीला तेच औषध, टाक्यांनाही तेच. उशाशी बसून पाहिलंय मी. तिच्या जंतूला त्याचं काहीच वाटत नव्हतं, तरी तेच ओतत राहिलात."

इस्पितळाचे मोठे डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "पुरावा?"

"वन्सं, दाखवा ह्यांना."

नणंद त्याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. वहिनीची खारू तापानं फणफणली तेव्हा तिचं रक्त कुणी तपासायला पाठवलंच नाही. शेवटी आत्यानंच घेतलं. जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत तो औषधात भिजवलेल्या कागदी टिकलीला खेटून माजलेला तिनं डोळ्यांनी पाहिला, पण तोवर भाची गेली होती. आणि आत्याचा शब्द कोण मानतो? म्हणून तिनं तो जंतूच जिवंत ठेवला. वर्षभर नवी बशी, नवं खाद्य, उबदार कपाट. झाकणावर खारूचं नाव.

"माणसानं मांजर पाळावं हो," सोबतचे चिडवायचे. ती हसायची नाही. पोर उशिरा नेली म्हणून घरीदारी सगळे वहिनीलाच बोल लावत होते. हा जंतू मेला तर तो बोल जन्मभर पुसला जाणार नव्हता. तिनं त्याला जिवापाड जपलं. औषधाचा थेंब जवळ फिरकू दिला नाही.

काल सगळ्यांसमक्ष बशीत टिकली ठेवली होती. आज डॉक्टरांनी झाकण उघडलं.

टिकलीभोवती लख्ख मोकळं वर्तुळ. तिथं एकही जंतू उगवला नव्हता.

"औषध तर छान लागू पडतंय," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे उशीरच."

नणंद बशीवर वाकली. असं कसं विसरले मी?

"वहिनी, माझं चुकलं. औषधाशी लढायचं ह्याचं हत्यार अंगातल्या एका सुट्या कड्यात असतं, प्लाझमिड म्हणतात. त्याचं ओझंच असतं ह्याला. औषधाचा मारा चालू असला की बाळगतो. मारा थांबला की ओझं टाकणारेच भराभर वाढतात. मी नुसते लाड केले गं. ह्याच्या लेकरांनी ते टाकून दिलं."

"पुरावा तुम्हीच घालवलात, बाई." डॉक्टर उठले.

नणंद मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत राहिली. वहिनीनं बशी उचलली. झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मग दाराशी जाऊन उभी राहिली.

"बसा, साहेब. वन्संच्या कपाटात औषध नव्हतं, तर वर्षात ह्यानं हत्यार टाकलं. तुमच्या वॉर्डात तर मारा रोजचाच; तिथं तो ते कधी टाकणार, तेवढं सांगून जा."