बारगळलेला करार

न्यूफाउंडलंड या ब्रिटिश वसाहतीतल्या अझरायाने मुलांबरोबर दोन हिवाळे राबून मोठं गलबत बांधलं. तिथल्या सरकारने अमेरिकेशी करार ठरवला होता. खारवलेला मासा बोस्टनला जकातीवाचून विकता येणार होता. शिडं चढवत असतानाच तारकचेरीतली सेलिना धापा टाकत आली. “काका, करार बारगळला. शेजारच्या कॅनडाने कुरकुर केली, म्हणून लंडनने सही नाकारली.” “अगं, पण राज्य आपलं आपण चालवतो ना?” “चालवतो की! राणीसरकार हो म्हणेल तेवढंच.” थोरला जेकब हातातला दोर टाकून म्हणाला, “बाबा, मासा अडवतील, माणसाला कोण अडवतंय? आम्ही बोस्टनला जातो.” अझरायाने तो दोर उचलून उरलेली शिडं चढवली. मग त्यानेच तिन्ही पोरांना गलबतातून पोचवलं. महिन्याने तो परक्या आगबोटीने एकटाच परतला. धक्क्यावर बायकोने विचारलं, “गलबत कुठंय?” “तिथंच. एकट्याला शिडं झेपेनात गं.” पोरांबद्दल तिने काही विचारलंच नाही.