मुका माज

डॉक्टरीणबाईंचा हात कोपरापर्यंत म्हशीच्या आत होता आणि डोळे छताकडे. हाताला कळतंय ते डोळ्यांना कशाला सांगायचं, असा त्यांचा चेहरा.

"काही आशा आहे का?" मुलाने विचारलं. मुलगा म्हणजे चांगला चाळिशीचा बाप्या. आबांपुढे मात्र मुलगाच. विऊन पाच महिने झाले तरी म्हैस माजावर आली नव्हती. गाभण राहत नसेल तर पोसायची कशाला, म्हणून सोमवारी व्यापारी यायचा होता. आबांनी तिला, तिची आई मेल्यावर, बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"बीजकोश ठणठणीत आहेत," डॉक्टरीणबाई हात काढत म्हणाल्या. "दहाएक दिवसांपूर्वी माजावर येऊन गेलीय ही. ओरडली असेल की पहाटे."

"घरापर्यंत ऐकू येत नाही हो. म्हणून तर आबा इथं गोठ्यात झोपतात. आबा, ओरडली होती का ही?"

आबा कानांवरून मफलर गुंडाळून उभे होते. त्यांनी मुलाच्या ओठांकडे नीट पाहिलं.

"छे! हूं की चूं नाही."

ते पाठ फिरवून खुंटीवरचा टॉवेल काढायला गेले. तेवढ्यात मुलाने रेडकाला बाजूला ओढलं आणि म्हैस अशी रेकली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. आबांनी टॉवेल झटकला, त्याची घडी घातली आणि सावकाश परत आले. दोघांचे चेहरे पाहून ते थबकले.

"काय झालं?"

मुलाने तोंड उघडलं, पण डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलूच दिलं नाही.

"मुका माज, आबा!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "म्हशींत असतो. माजावर येतात, पण ओरडत नाहीत. कुणाला कसं कळणार?"

खोटं काहीच नव्हतं. फक्त ते या म्हशीचं नव्हतं.

आबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी म्हशीचं कपाळ थोपटलं. "मुकी आहेस होय गं? मला तरी सांगायचंस."

"अकरा-बारा दिवसांनी पुन्हा येईल. लक्ष ठेवा आणि लगेच मला फोन करा," असं मुलाला सांगून डॉक्टरीणबाई गेल्या.

मुलाने व्यापाऱ्याला फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. मग घरातून दुसरी खाट आणली आणि आबांच्या खाटेला खेटून टाकली.

"ही कुणाला?"

"मला. आजपासून मी पण इथंच झोपणार."

"एवढ्या थंडीत? वेडा की काय तू?"

मुलाने स्वेटरचं वरचं बटण लावलं. आबांच्या अगदी समोर येऊन उभा राहिला आणि एकेक शब्द सावकाश म्हणाला, "घरात फार उकडतं, आबा."