जावाच्या पोटातली पर्स

"तू आत जा, कॉफी टाक," एवारिस्तो तिसऱ्यांदा म्हणाला.

"कॉफी कुठं पळून चाललीय?" नेरेइदा म्हणाली आणि अंगणातल्या उलट्या बादलीवर आणखी ऐसपैस बसली. "शॉकअपची नळी कोण धरणार? तुझा काका?"

जावा मोटरसायकलचं पुढचं चाक काढून आंब्याला टेकवलेलं होतं. साइडकारखाली विटा लावल्या होत्या. मुलीनं, यानेसीनं, मायामीहून मोज्यात गुंडाळून पाठवलेली दोन खरीखुरी रबरी ऑइल सीलं नेरेइदाच्या मांडीवर होती. पार्सल येऊन महिना झाला. शॉकअपमधून तेल गळून फरशी काळी पडली, तरी एवारिस्तोचं आपलं रोज उद्यावर उद्या. शेवटी आज बायकोनंच पाने आणून त्याच्या पुढ्यात आपटले.

बिचाऱ्याला खरं कारण सांगायची सोय नव्हती. आतली जुनी सीलं त्यानं स्वतःच्या हातानं कापली होती. तीस वर्षांपूर्वी, त्या टंचाईच्या काळात, नेरेइदाच्या लाल चामडी पर्समधून.

ती पर्स तिच्या आईची. पर्स नाहीशी झाली त्याच दिवशी एवारिस्तोची बहीण मिग्दालिया, भिंतीपलीकडंच राहणारी, ती खांद्याला लावून आरशासमोर मिरवून गेली होती. झालं. तिनंच नेली, असं नेरेइदानं ठरवून टाकलं; शोधाशोध करायची गरजच उरली नाही. तेव्हापासून नेरेइदाकडं सकाळची कॉफी झाली की आजूबाजूच्या सगळ्या घरांत एकेक कप जाई, मिग्दालियाची भिंत तेवढी सोडून. एवारिस्तोनं मिठाची गुळणी धरली होती. आज सांगू, उद्या सांगू करता करता बहिणीचे केस पिकले.

"धर घट्ट," तो म्हणाला. त्यानं हिसका देऊन खालची नळी ओढली. काळं तेल डब्यात पडलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून त्यानं जुनं सील उचकटलं, आणि चामड्याची कडी त्याच्या तळहातावर आली.

काळी कुळकुळीत. लालाचा मागमूस नाही. तेलानं सगळं गिळलं होतं. सुटलो, असं त्याला वाटलं.

"हे रबर नाही," नेरेइदा म्हणाली. "बुटाचं चामडं का?"

"असेल कशाचंतरी."

तिनं कडी बोटांत फिरवली. "याच्यावरच आपण यानेसीला दर गुरुवारी सान्तियागोच्या इस्पितळात न्यायचो ना रे? बसचा पत्ता नसायचा. पोरीचा श्वास कोंडलेला, मी साइडकारमध्ये तिला छातीशी धरून बसलेली, आणि तू चढावर गाडीला आईमाईवरून शिव्या घालतोयस." ती हसली. हसताना ती पुन्हा तिशीतली दिसली, डोक्याला रुमाल बांधलेली. "एवढं लांब जायचं, पण गाडी एकदा अडली नाही. ज्याचं हे चामडं असेल त्याचं भलं होवो, बाबा."

कडी डब्यात टाकली असती की विषय संपला असता. पण तो आशीर्वाद एवारिस्तोला पचेना. त्यानं कडी तिच्या हातून घेतली, पेट्रोलच्या फडक्यानं पुसली आणि चाकूनं तिची कड खरवडली. आत लाल निघालं.

नेरेइदानं तो लाल रंग ओळखला. भिंतीपलीकडं मिग्दालिया कोंबड्यांना दाणे टाकत त्यांना हाका मारत होती.

"मागितली असतीस तर दिली नसती का मी?"

"दिली असतीस. आईची एवढी एकच वस्तू, तरी लगेच काढून दिली असतीस. म्हणून तर मागवेना."

"आणि नंतर? तीस वर्षं तुझी जीभ कुणी कापली होती?"

"आधी भीती वाटली," तो मान खाली घालून म्हणाला. "मग लाज वाटली. मग... सवय झाली."

ती उठली. आता बादली डोक्यात बसणार म्हणून त्यानं अंग चोरलं. पण ती कडी घेऊन आत निघून गेली. त्यानं नवं सील तेलात बुडवलं, पाइपचा तुकडा वर धरून हलके हलके ठोकत बसवलं. दुसरं बसवेपर्यंत कॉफीचा वास आला.

ती ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रेमध्ये तीन कप, आणि तिसऱ्या कपाशेजारी लाल कडी, साबणानं घासलेली. ट्रे घेऊन ती भिंतीपर्यंत गेली. तिथं थबकली.

"तिला आता साखर चालते का रे?"

"नाही," एवारिस्तो म्हणाला. "चार वर्षं झाली."

त्यांच्याकडं साखर भांड्यातच पडते, कॉफी गोडच होते. रेशनवरची महिन्याची कॉफीची पुडीही तळाला आलेली. तरी नेरेइदानं ट्रे भिंतीवर ठेवला, तिसरा कप उचलून नवऱ्याच्या हातात दिला.

"हा तू संपव. तिच्यासाठी दुसरी करते," ती म्हणाली, आणि पुन्हा पाणी ठेवायला आत गेली.